त्या दिवसाचे पाणी

या मित्रांनो, असे लांब उभे राहू नका, जवळ या. पुढच्यांनी मांडी घाला, मागच्यांनी थोडे सरकून घ्या. गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यांचे डोळे दिसायला हवेत. आज मी तुम्हाला एका नदीची, दोन देशांची आणि एका लेकीच्या हातांची गोष्ट सांगणार आहे. हसू आले तर खुशाल हसा. रडू आले नाही तर मनाला लावून घेऊ नका. मलाही येत नाही.

मी एक जुनी बाटली आहे. औषधाची नव्हे, सरबताची नव्हे, आणि ते मागचे दोघे गालातल्या गालात हसताहेत तसलीही नव्हे. मी नमुन्याची बाटली. नदीचे पाणी तपासायला न्यायचे असते, तेव्हा ते माझ्यात भरतात.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, तिचा लाल गोळा झाला, आणि एका कारागिराने लांब नळीतून फुंकर घालून त्याला साच्यात बसवले. म्हणजे माझ्या पोटात पहिल्यांदा गेला तो माणसाचा श्वास. तुमचे तरी वेगळे काय आहे? आपण सगळेच कुणाच्या तरी फुंकरीवर उभे आहोत. माझे बूचही काचेचेच. ते माझ्या तोंडाशी घासून घासून बसवलेले, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या बाटलीचे बूच मला चालत नाही आणि माझे दुसरीला चालत नाही. त्याच साच्यातून माझ्यामागोमाग माझी एक जुळी बहीण निघाली. एकाच खोक्यात, एकाच भुशात गुंडाळून आम्ही दोघी नदीकाठच्या प्रयोगशाळेत आलो.

प्रयोगशाळा म्हणजे एक बैठी, लांबट इमारत. आत दगडी मोरी, गळका नळ, काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू आणि नदीकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीशी काम करायच्या त्या आमच्या तपासनीस ताई. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. ताईंनी आम्हा दोघींना आधी गरम पाण्याने धुतले, मग तेजाबाने म्हणजे आम्लाने, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा. देवाची भांडी घासताना हात जसा हळू होतो ना, तसा त्यांचा हात आमच्यावर फिरायचा. शिपाई म्हणायचा, "ताई, पुरे की आता. काच झिजेल."

"आतला डाग बाहेर दिसत नाही रे बाबा," ताई म्हणायच्या, आणि आणखी एकदा धुवायच्या.

आता नदीचे ऐका. नदीला दोन काठ. अलीकडे आमचा देश, पलीकडे शेजारचा. वरच्या अंगाला दोन्ही काठांवर कारखाने, खालच्या अंगाला मासेमारांची वस्ती. पाण्याला रंग आला की आमचे म्हणायचे, त्यांनी घाण केली. त्यांचे म्हणायचे, तुम्हीच केली. दोघेही आपापल्या काठाचे पाणी तपासून आपापल्या सोयीचे सांगायचे. अशी बरीच वर्षे गेली. मग दोन्ही देशांची जाणती माणसे एका मेजाभोवती बसली, भांडली, उठून गेली, परत येऊन बसली, आणि शेवटी त्यांनी दोघांना बांधणारा एक कायदा केला.

कायदा मोठा आहे, पण आपल्या कामाचा तुकडा लहान आहे. दोन्ही देशांच्या तपासनिसांनी एकाच नावेतून नदीच्या मध्यावर जायचे. प्रत्येकाने आपली बाटली आणायची. दोन्ही बाटल्या एकाच जागी, एकाच वेळी भरायच्या. आपल्या बाटलीवर आपली मोहोर लावायची, आपल्या घरी न्यायची, आपण उघडायची. दोन्हींचे निकाल जुळले आणि पाण्यात विष निघाले, तर कारखाना कुठल्याही काठावरचा असो, त्याला टाळे. असा तो नियम. साधा, सरळ, पोरासोरांनाही कळावा असा.

नाव वल्हवायला वस्तीतले नावाडीकाका असत. पलीकडून पूल ओलांडून येणारे तपासनीस अंगाने काटकुळे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. विनोद केला की सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. ताईंनी त्यांना पहिल्याच दिवशी भाऊ म्हटले आणि मग ते भाऊच झाले.

ताईंच्या मुलाच्या परीक्षेची काळजी भाऊंना, भाऊंच्या आईच्या गुडघ्यांची काळजी ताईंना. नाव मध्यावर जाईपर्यंत दोघांचे बोलणे संपत नसे. नावाडीकाका वैतागून म्हणायचे, "अहो, पाणी घ्यायला आलोय ना आपण? का मी परत फिरवू नाव?"

एकदा काय झाले, येताना भाऊंच्या बाटलीला तडा गेला. ताई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? माझ्या बाटलीवर दोघांच्याही मोहोरा लावू. तुम्ही आमच्याकडे या, दोघं मिळून उघडू."

तसेच झाले. भाऊ आले, दोघांनी मिळून मला उघडले, निकाल लागला, चहा झाला.

पुढच्या खेपेला नावेत ताईंनी विचारले, "भाऊ, बाटली आणलीत ना?"

"आणलीय की. पिशवीत आहे. पण ताई, बहिणीकडे जेवायला जाताना कुणी आपलं ताट काखेत मारून नेतं का?"

ताई हसल्या. म्हणाल्या, "बरं बाई, राहू द्या पिशवीत."

"राहू द्या, राहू द्या," नावाडीकाका म्हणाले, "तेवढंच माझ्या नावेला ओझं कमी."

मित्रांनो, यात कुणाचे काही चुकले असे तुम्हाला वाटते का? मला वाटले नव्हते. दोघांच्या मनात प्रेम होते. दुसरी बाटली काढायची म्हणजे समोरच्यावर आपला भरवसा नाही असे दिसेल, या संकोचाने ती निघेना. त्या तड्यानंतर माझी जुळी बहीणही अडीअडचणीला म्हणून ताईंच्या पिशवीत दर खेपेला नावेत यायची आणि कोरडीच परत जायची. हळूहळू ती रीतच पडली. एक बाटली, दोन मोहोरा. उघडायची तर दोघांनी समोरासमोर बसूनच, असे मग कागदावरही आले.

त्या रीतीचे कौतुकही फार झाले. दोन्ही देशांची मोठी बैठक भरली होती. तिथे साहेबांनी मला उंच धरले आणि म्हणाले, "दुसरीकडचे शेजारी कुंपणावरून भांडतात. आमचे शेजारी एका बाटलीत नदी ठेवतात!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे फोटो निघाले. मला मेजाच्या मधोमध ठेवले होते. काचेला फुगता येत नाही म्हणून बरे, नाहीतर मी तिथेच फुटले असते.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही विचारले नाही की दुसरी बाटली कुठे आहे.

मग तो दिवस आला. सकाळी नदीवर मासे तरंगत होते. पांढरी पोटे वर करून, जिथवर नजर जाईल तिथवर. ताईंनी पलीकडे फोन केला. भाऊ धावत आले. त्या दिवशी नावेत कुणी बोलले नाही. वल्ही माशांना लागत होती, तेवढाच आवाज. मध्यावर ताईंनी मला दोरीने खाली सोडले. पाणी आत आले. गार होते की कोमट, कडू होते की गोड, मला विचारू नका, मला कळत नाही. मी भरले एवढेच. पाणी टिकावे म्हणून ताईंनी त्यात तेजाबाचे चार थेंब टाकले, बूच दाबले, त्यावर मेण ओतले. एका बाजूला ताईंची मोहोर, दुसऱ्या बाजूला भाऊंची.

भाऊ म्हणाले, "वरून परवानगी घेतो आणि उद्या दुपारी येतो. उद्याच उघडू."

दुसऱ्या दिवशी दुपारी पूल बंद झाला.

का बंद झाला, ते मला आजवर कळलेले नाही. नदीपासून फार लांब, दोन्ही देशांचे कशावरून तरी बिनसले. माशांशी त्याचा संबंध नव्हता. पुलाच्या दोन्ही टोकांना आडवे खांब पडले, नदीतल्या नावाही काठाला बांधल्या गेल्या. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.

नदीला थांबणे माहीत नाही. दोन-चार दिवसांत ती पुन्हा नितळ दिसू लागली. त्या दिवसाचे पाणी वाहून पार समुद्राला मिळाले. उरले ते फक्त माझ्या पोटात.

वस्तीतले लोक मात्र ते आधीच प्यायले होते. घरोघर उलट्या झाल्या, पोटे बिघडली. बरेच जण उठून कामाला लागले. काहींच्या पायांना मुंग्या येत राहिल्या. नावाडीकाकांची लेक शिवणकाम करायची. वस्ती तिला सुईवाली म्हणायची. फाटलेले जाळे असो की लग्नातला पोशाख, तिच्या हातचा टाका शोधून सापडत नसे. एके दिवशी ती सुईत दोरा ओवायला बसली आणि तो ओवला जाईना. बोटांत सुई आहे की नाही तेच तिला कळेना. खाली पाहिले तर बोटातून रक्त येत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "पाण्यातून काहीतरी विषारी गेलंय. रक्तात आता ते सापडत नाही, दिवस उलटून गेलेत. नेमकं काय होतं ते कळलं तर औषध देता येईल. अंदाजानं दिलं तर आणखी बिघडेल."

नावाडीकाका तिथून सरळ प्रयोगशाळेत आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"ताई, ती बाटली उघडा."

ताईंनी मला फळीवरून काढून मेजावर ठेवले. चाकू घेतला. पाते मेणाला टेकले. आणि हात थांबला.

"काका, मी एकटीनं उघडली तर यातून काय निघालं ते मला कळेल. तुमच्या डॉक्टरांना कळेल. पण कायदा ते मानणार नाही. उद्या कुणीही म्हणेल, ताईनंच काहीतरी मिसळलं. मग कारखान्याला टाळं लागणार नाही. तो पुन्हा सोडेल पाणी. वस्तीत अजून किती जणांचे पाय बधिर आहेत, त्यांचं कोण भरून देणार?"

"माझी एकच लेक आहे, ताई."

"ठाऊक आहे मला."

मग ताईंनी भाऊंना फोन लावला. फोन चालू होते, फक्त माणसांना येता येत नव्हते.

"मोहोर फोड ताई," भाऊ म्हणाले. "माझं नाव सांग. म्हण, भाऊनं सांगितलं."

"तुमच्या फोनवरच्या सांगण्याला कोण विचारतं, भाऊ? समोर बसायला हवं असं लिहिलंय."

"मग नको फोडूस. मी आठवडाभरात येतोच. बोलणी सुरू झालीयत असं ऐकतोय."

"आठवडाभरात नक्की?"

"नक्की म्हणजे… ऐकतोय असं."

ताईंनी काकांकडे पाहिले. काकांनी चपला घातल्या. म्हणाले, "आठवडाच ना? मग थांबू."

तो आठवडा संपला आणि दुसरा लागला. बोलणी सुरू झाली, मोडली, पुन्हा सुरू झाली. दर आठवड्याला काका खिडकीपाशी यायचे. आधी विचारायचे, "काही कळलं?" मग नुसते, "नाही ना?" मग विचारणेही थांबले. खिडकीखालच्या दगडावर बसायचे, विडी न पेटवता हातात फिरवायचे, आणि उठून जायचे. ताईंनी चाकू बऱ्याच वेळा हातात घेतला. एकदा मेणाचा एक कपचा निघाला, तो त्यांनी बोटाने परत दाबून बसवला. कुणी हो म्हटले नाही. कुणी नाही म्हटले नाही. निर्णय असा कुणी घेतलाच नाही, मित्रांनो. दिवस गेले, एवढेच झाले. माणसाचे हात बधिर होतात तसे दिवसही होतात. टोचलेले कळत नाही.

एकदा काका लेकीला घेऊन आले. ती म्हणाली, "मला बघू तरी." ताईंनी मला तिच्या हातात दिले. तिने दोन्ही तळव्यांत मला धरले आणि डोळे लावून पाहत राहिली, कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला धरल्याचे कळत नव्हते. मी तिच्या हातात होते आणि मला तिची ऊब कळत नव्हती. तिच्या हातात मी होते आणि तिला माझा गारवा कळत नव्हता. आम्ही दोघी सारख्याच होतो.

"एवढंसंच पाणी?" ती म्हणाली.

"एवढंसंच," ताई म्हणाल्या. "सुईवाले, तू म्हणशील तर आत्ता फोडते. देवाशपथ."

तिच्या आवाजात काहीच नव्हते. राग नाही, रडू नाही. "डॉक्टर परवाच म्हणाले, आता औषधानं फार फरक पडणार नाही. आता फोडलीत काय आणि नाही फोडलीत काय. ठेवा ताई. निदान बाकीच्यांच्या उपयोगी पडेल." आणि तिने मला जपून, नजर न हलवता, फळीवर ठेवले.

त्यानंतर माझे कोपऱ्यातले दिवस सुरू झाले. माझ्यापुढे नवे खोके आले, रिकामे डबे आले. नवे साहेब आले, त्यांनी धूळ पाहून नाक मुरडले. "हे काय जुनं पाणी? ओता ना मोरीत."

"साहेब, त्याला हात लावायचा नाही."

"ताई, बाटलीला नवस बोललाय की काय?"

ताईंनी माझी धूळ पुसली आणि मला पुन्हा मागे सारले. त्यांचे केस पांढरे झाले. खिडकीखालचा दगड आठवड्यातून एकदा तेवढा उबदार होत असे, काकांच्या बसण्याने. म्हणजे होत असेल. खोक्यांच्या फटीतून मी पाहत असे, एवढेच.

आणि एका सकाळी पूल उघडला. का बंद झाला होता ते जसे कळले नाही, तसे का उघडला तेही कळले नाही. दुपारी दारात एक वाकलेला माणूस उभा राहिला. चष्म्याची भिंगे आणखी जाड झालेली.

"ताई, जरा उशीर झाला," भाऊ म्हणाले. हा विनोद होता. पण या वेळी ते स्वतः हसले नाहीत.

दोघे समोरासमोर बसले. दोन्ही मोहोरा तपासल्या, शाबूत होत्या. काकांना आणि सुईवालीलाही आत बोलावले. मग मेण फुटले, बूच फिरले, आणि त्या दिवसाचे पाणी बाहेर आले. यंत्राने सांगितले, सोमल, म्हणजे आर्सेनिक. भरपूर सोमल. त्याच्यासोबत असा एक रंग, जो एकाच कारखान्यात वापरत. तो कारखाना कुठल्या काठावर होता ते मला विचारू नका. पाण्यात मिसळल्यावर विषाला काठ उरला नव्हता. कायद्याने आपले काम केले. कारखान्याला टाळे लागले, वस्तीला स्वच्छ पाण्याचा नळ आला, ज्यांचे पाय अजून सुधारण्यासारखे होते त्यांना औषध आणि भरपाई मिळाली.

डॉक्टरांनी सुईवालीचे हात हातात घेतले, बोटे वाकवून पाहिली, आणि म्हणाले, "हे वेळेवर कळलं असतं तर…" तिने मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाच्या हातांबद्दल ऐकते आहे.

सगळे गेल्यावर ताई मोरीशी मला धूत होत्या. भाऊ मागे उभे होते.

"ताई, त्या दिवशी नावेत माझ्या पिशवीत होती."

"काय?"

"माझी बाटली. कोरी, धुतलेली. काढली असती तर मी माझ्या घरी दुसऱ्याच दिवशी उघडली असती. फोनवर तुला नाव सांगितलं असतं विषाचं. त्या पोरीला आठवड्यात औषध मिळालं असतं."

नळ गळत होता. ताई म्हणाल्या, "माझ्याही पिशवीत होती, भाऊ. हिची जुळी."

ताई मला धूत राहिल्या. धुऊन झाले तरी धूत राहिल्या.

मित्रांनो, पुढच्या खेपेला मी नावेत नव्हते. मला आता निवृत्ती मिळाली आहे, मी खिडकीच्या कट्ट्यावर असते आणि इथून मध्यापर्यंत दिसते. म्हातारे काका वल्हवत होते, लेक पुढे बसली होती. ताईंनी पिशवीतून माझी जुळी बहीण काढली. भाऊंनी आपली बाटली काढली. दोघेही अवघडले, नव्या ओळखीच्या माणसांसारखे. शिपाई नावेत होता, त्याने परत येऊन सांगितले की काका तेव्हा म्हणाले, "लाजता कसले? ताट आपापलं घेतलं म्हणून जेवायला वेगळं बसावं लागत नाही." माझी बहीण इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नदीत उतरली.

आता माझे मागणे ऐका आणि मग घरी जा. तुमचा शेजारी चांगला असेल, देव करो आणि तो तसाच राहो. पण तो चांगला आहे म्हणून ठरलेला नियम पिशवीत ठेवू नका. नियम पाळल्याने प्रेम कमी होत नाही. उलट ज्या दिवशी पूल बंद होतो, त्या दिवशी प्रेमाच्या हातात काहीतरी असावे म्हणूनच नियम असतो. आणि नदीची गोष्ट उद्यावर टाकू नका. नदीला उद्या माहीत नसतो.

मला रडता येत नाही, आठवणही धरून ठेवता येत नाही. माझ्यातले पाणी ओतले की मी कोरी होते. म्हणून हे काम तुमच्यावर सोपवते. घरी कधी सुईत दोरा ओवाल, दोऱ्याचे टोक ओठांत ओले कराल आणि ते बोटांना मऊ लागेल, तेव्हा क्षणभर थांबा, आणि नदीकाठच्या त्या सुईवालीची आठवण काढा.